अव्वाचा एकटीचा फोटो

पौष लागला की मुहूर्त संपतात आणि लग्नाचे फोटो काढणारी माणसं जरा माणसांत येतात. तुळशीचं लग्न झालं की जो कॅमेरा गळ्यात पडतो तो मार्गशीर्ष सरेपर्यंत खाली उतरत नाही. हळदी झाल्या, साखरपुडे झाले, उसाच्या फडात नवरा-नवरीला पळवायचं झालं, वर ड्रोनचे नखरे. मलकापूरच्या इंद्रजितला या दिवसांत बायकोनं हाक मारली तरी तो म्हणायचा, "जरा हनुवटी खाली घ्या." सृष्टीवहिनींनी यावरून त्याला किती झापलं असेल त्याची गणतीच नाही.

पण पौषात आपल्याकडं कोण लग्न काढत नाही, आणि इंद्रजितची खरी दिवाळी तेव्हा. स्टुडिओचं शटर अर्धं ओढायचं, ट्रायपॉड गाडीत टाकायचा आणि जतच्या बिराप्पाला फोन लावायचा. "निघा पाव्हणं, कोयना वाट बघाय लागलीय."

या दोघांची दोस्ती जमली ती भांडणातून. नवरा कराडचा, नवरी जतची, आणि दोन्हीकडच्यांनी आपापला फोटोग्राफर आणलेला. एका मांडवात दोन फोटोग्राफर म्हणजे काय असतं ते ज्यानं बघितलंय त्यालाच ठाऊक. अंतरपाट खाली आला आणि दोघांनी एकाच जागेवर उडी घेतली. इंद्रजितच्या फोटोंत नवरीच्या जागी बिराप्पाचं टक्कल, आणि बिराप्पाच्या फोटोंत नवऱ्याच्या जागी इंद्रजितचा कान. मांडवाच्या मागं दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले. मग पंगतीत वाढप्यानं नेमकं शेजारी शेजारी बसवलं. शेवटी बिराप्पा भात कालवत म्हणाला, "तुजा कान काढायला माजं दोन दिस जाणार हायती बघ." इंद्रजित म्हणाला, "माझ्याकडं तर तुझं टक्कल हाय, लय मोठं काम हाय." आणि दोघं असे हसले की नवरीचा मामा बघायला आला, काय झालं म्हणून.

तेव्हापासून दर पौषात कोयना. पाटणच्या वर, हेळवाकच्या अलीकडं नदीला एक वळण आहे. तिथं रस्ता डोंगराकडं सरकतो आणि नदी एकटी पडते. ना घाट, ना देऊळ, ना पाण्याची मोटर. नुसते काळे खडक, कडेनं वाळुंजाची झाडं, मधे शेरणीची झुडपं पाण्यात वाकलेली. थंडीत पहाटे तिथं असं धुकं धरतं की पलीकडचा काठ आहे का नाही असं वाटावं. मग ऊन डोंगरावरून उतरतं आणि ते धुकं पाण्यावरून हळूहळू उठायला लागतं. तेवढ्या वेळासाठी इंद्रजित वर्षभर जगायचा म्हटलं तरी चालेल.

आणि बिराप्पा? तो पहिल्या वर्षी आला तेव्हा कॅमेरा बाहेर काढायचाच विसरला होता. त्याच्या गावाकडं पाणी टँकरनं येतं, तेही आलं तर. त्यात हे एवढं पाणी, कुणी न मागता, कुणाला न विचारता नुसतं वाहत चाललेलं. तो खडकावर बसून म्हणाला, "गड्या, ह्ये रात्री बी असंच चालू असतंय?" इंद्रजितनं त्याची ती गोष्ट पुढं चार ठिकाणी हसत सांगितली, पण सांगताना त्याचा आवाज मऊ व्हायचा.

बिराप्पाची एक खोड होती. नदीचा फोटो काढतानाही तो मधली जागा मोकळी सोडायचा. खडक डावीकडं, झाड उजवीकडं, मधे काहीच नाही. इंद्रजित विचारायचा, "पाव्हणं, मधी कोण येणार हाय? नवरा-नवरी?" तो म्हणायचा, "हाताला सवय लागलीय रं, काय करू."

तर यंदा इंद्रजितनं फोन केला तेव्हा बिराप्पा एकदम म्हणाला, "मी अव्वाला घिऊन येतोय." आईला तो अव्वा म्हणायचा.

"कोयनंला? ह्या थंडीत?"

"तिचा फोटो काढायचाय."

फोटो काढायचाय म्हणजे काय हे या धंद्यातल्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. दुकानात पोरगा येतो, इकडं तिकडं बघतो आणि म्हणतो, "म्हाताऱ्याचा एक चांगला फोटो काढून ठिवू म्हणतोय." ठेवू म्हणजे कशासाठी ते तोही बोलत नाही आणि फोटोवालाही विचारत नाही. मापसुद्धा न विचारता ठरलेलं असतं, कारण भिंतीवरच्या चौकटी ठरलेल्या मापात मिळतात.

धोंडुबाई, म्हणजे बिराप्पाची आई, पंच्याहत्तरी ओलांडलेली. डॉक्टरनं हृदय थकलंय म्हणून सांगितलेलं. आणि बिराप्पाच्या मनात एक काटा होता. बाप अर्जुना गेला, तेव्हा घरात त्याचा धड एक फोटो निघाला नव्हता. अख्खी हयात मेंढरांमागं गेलेली, फोटो कोण काढणार? पोरगा फोटोग्राफर, पण घरच्यांचं राहूनच गेलं. मग बिराप्पानं सगळे स्टुडिओवाले करतात तेच केलं. आधार कार्डावरचा डोळे वटारलेला चेहरा घेतला, तयार कोटावर बसवला, मागं निळा पडदा दिला, गालावरचा वण पुसला, वर फेटा चढवला. चांगला मोठा करून भिंतीला लावला. धोंडुबाईनं बघितलं आणि म्हणाली, "ह्यो कुणाचा सायब आणून टांगलास रं?" त्यानंतर ती देवाला दिवा लावायची, पण त्या भिंतीकडं मान वळवायची नाही.

"अव्वाचं तसं व्हायला नगं," बिराप्पा फोनवर म्हणाला. "तिचा खराखुरा फोटो पायजे मला. ती जशी हाय तसा. दुकानात बसंना झालीय ती. म्हणाली, कोयनंवर आपला तळ पडायचा तिथं चल, तुझा त्यो दोस्त बी असू दे, मग काढा काय काढायचं ते."

जतकडची मेंढरं पूर्वी दिवाळी झाली की पश्चिमेला निघायची, कोयनेच्या कडेकडेनं घाट उतरून कोकणात. घोड्यावर बिऱ्हाड, मागं पोरं, मधे मेंढरं. धोंडुबाईचं अर्धं आयुष्य त्या वाटेवर गेलेलं.

इंद्रजितनं "या की, घर तुमचंच हाय" म्हणून फोन ठेवला खरा. पण खरं सांगायचं तर त्याचं तोंड उतरलं. माणूस लाखातला, पण नदीच्या बाबतीत आपमतलबी. वर्षातनं एकदा मिळणारी पहाट, त्यात आता म्हातारीला गाडीतनं उतरवा, आडोशाला बसवा, चहा द्या. सृष्टीला म्हणाला, "यंदाचं धुकं गेलं माझं." ती म्हणाली, "धुकं पुढल्या वर्षी बी येतंय." पुढचं ती बोलली नाही, आणि इंद्रजितला स्वतःची लाज वाटली.

नदीवर जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मायलेक आले. धोंडुबाई म्हणजे हाडांचा सांगाडा आणि त्यावर दोन चकचकीत डोळे. तिनं इंद्रजितला वरून खालपर्यंत बघितलं. "ह्योच व्हय कानवाला?" इंद्रजित खाली वाकून पाया पडला, आणि ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "कान काय एवढा मोठा न्हाई. उगं नावं ठेवतंय आमचं." झालं, तिथंच गडी विरघळला.

पहाटे अंधारात निघाले. धोंडुबाई पुढं बसलेली, अंगावर घोंगडं. कराड मागं पडलं, ऊस मागं पडला, डोंगर जवळ आले तशी ती सरसावून बसली. काचेवर धरलेलं दव हातानं पुसत होती. बिराप्पा मागनं दर थोड्या वेळानं विचारायचा, "अव्वा, थंडी वाजती का? अव्वा, दम लागतोय का?" शेवटी ती म्हणाली, "मेंढराला बी एवढं कुणी इचारत न्हाई रं."

वळणावर पोचले तेव्हा नुकतं फटफटत होतं. आणि धुकं असं की इंद्रजितनं आजवर कधी बघितलं नव्हतं. पाणी दिसतच नव्हतं, नुसता आवाज. खडकांची डोकी तेवढी वर. एक कवड्या धीवर पक्षी धुक्याच्या वर एका जागी पंख फडफडवत थांबलेला आणि मग सरळ खाली, आणि खाली काय झालं ते दिसायचं नाही. इंद्रजितचे हात शिवशिवायला लागले. त्यानं ट्रायपॉड उभा केला, कॅमेरा लावला, आणि त्याला जगाचा विसर पडला.

मागनं बिराप्पाचं चालू झालं होतं.

"अव्वा, ह्या खडकावर बस. न्हाई, जरा हिकडं. पदर नीट घे. हात मांडीवर. आता हिकडं बघ. हस की जरा."

धोंडुबाई बसली. कॅमेरा वर झाला आणि तिचा चेहरा बंद झाला. म्हणजे अक्षरशः. आत्तापर्यंत डोंगर बघून, पाणी बघून तोंडावर जे काही चाललं होतं ते सगळं आत गेलं. डोळे वटारले, ओठ मिटले, मान ताठ. आधार कार्डाच्या खिडकीपुढं बसवावं तशी. कॅमेरा खाली आला की ती परत धोंडुबाई.

"अव्वा, अशी नगं. घरात बसतीस तशी बस."

"घरात म्या खडकावर बसत न्हाई."

"बरं, नदीकडं बघ. माझ्याकडं बघूच नगं."

ती नदीकडं वळली आणि तशीच ताठ राहिली. "तू बी ये की हिकडं," ती म्हणाली. "कवाधरनं तिकडंच उभारलायस."

"थांब अव्वा, हलू नगंस, उजेड चांगला हाय."

असं कितीतरी वेळ. बिराप्पानं लग्नातले सगळे विनोद करून बघितले. ज्यावर ठार रुसलेल्या करवल्या हसतात तेही. धोंडुबाई म्हणायची, "झालं का?" आणि परत, "तू ये की रं." बिराप्पाचा आवाज चढायला लागला, मग बारीक झाला. इंद्रजितला तो आवाज ओळखीचा होता. मागच्या वर्षी बाप गेल्यावर फोनवर तो असाच बोलला होता.

इकडं ऊन डोंगराच्या कडेला आलं होतं. धुकं तळातनं सुटायला लागलं, त्याच्या आतनं सोनं फुटल्यागत उजेड येत होता. अशी पहाट इंद्रजितला पुन्हा मिळेल की नाही कोण जाणे. त्यानं एक फोटो काढला, दुसरा काढला. मागं बिराप्पा म्हणत होता, "अव्वा, एकदा तरी नीट बघ गं. एकदाच."

इंद्रजितनं स्वतःशी एक शिवी हासडली, ट्रायपॉड तसाच सोडला, गळ्यात दुसरा कॅमेरा अडकवला आणि वर आला. बिराप्पाच्या पाठीवर हात ठेवला. "सर बाजूला. तू तिचा पोरगा हायस, तुझ्यापुढं ती अवघडतीया. मला बघू दे."

पण धोंडुबाईला इंद्रजितपुढंही तेच झालं. वर ती म्हणाली, "तुमी दोघं मिळून माजं लगीन लावणार हायसा व्हय?" आणि उठली. गुडघ्यावर हात टेकून, हळूच. "बसून बसून पाय धरलं. मला उतार बघू द्या."

"कसला उतार?"

"मेंढरं पलीकडं घालायचो त्यो. हित्तंच कुठं तरी हाय."

आणि ती चालायला लागली. काठी नाही, आधार नाही. दोघं मागनं धावले तर म्हणाली, "लांब व्हा, मला दिसू द्या." खडकांतनं वाट काढत ती खाली गेली. पाऊल टाकायच्या आधी ती खडकाकडं बघतही नव्हती. शेरणीच्या जाळीला वळसा घालून एका जागी थांबली, जिथं पाणी पसरून उथळ वाहत होतं, तळाचे गोटे दिसत होते. "ह्यो बघ," ती म्हणाली, आणि वहाणा काढून पाण्यात पाय घातला. बर्फागत पाणी. ती हसली नाही की काही नाही, नुसती उभी राहिली.

बिराप्पानं ते बघितलं. आई, पाणी, मागं उठतं धुकं, आणि मधे तीच. त्याला पूर्ण नदी पाहिजे होती. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागं सरकायला लागला.

आता लग्नातला फोटोग्राफर मागं कसा चालतो ते तुम्ही बघितलं असेल. नवरी पुढं येते, हा तिच्यापुढं उलटा चालतो, डोळा काचेला चिकटलेला. आणि त्याच्या मागं कायम कोणीतरी असतं, त्याचा पट्टा धरून. पायरी आली की ओढायचं, खुर्ची आली की वळवायचं. बिराप्पाची उभी हयात अशीच उलटी चालण्यात गेलेली, आणि आपला पट्टा कोणीतरी धरलाय हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं की तो बघतही नसे.

इंद्रजित ओरडला, "बिराप्पा, मागं." पण मागं म्हटल्यावर तो आणखी एक पाऊल मागं गेला.

शेवाळलेला खडक. पाय सटकला, आणि गडी आडवा डोहात. कॅमेरा मात्र दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला. टक्कल बुडालं तरी कॅमेरा कोरडा. मग टक्कल वर आलं. पाणी कमरेएवढंच होतं, पण बिराप्पानं अशी बोंब मारली की धीवर उडून गेला.

आणि धोंडुबाई हसली.

ते हसणं इंद्रजित जन्मात विसरायचा नाही. आधी ती नुसती बघत राहिली, मग तिचे खांदे हलायला लागले, मग आवाज फुटला. सगळं बोळकं दिसत होतं. हसत हसतच ती पाण्यातनं तिकडं निघाली, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं तरी. "ल्हानपणी बी हित्तंच पडला हुतास मुडद्या," ती म्हणत होती. "तवा बी मीच वडून काढला. वर टक्कल पडलं तरी अक्कल न्हाई आली." ती डोहाच्या कडेला पोचली, त्याच्या शर्टाला धरून त्याला कडेच्या खडकावर ओढून बसवलं, आणि खांद्यावरचा पदर काढून त्याचं डोकं पुसायला लागली. जोर लावून, खसाखसा. एवढा मोठा गडी डोळे मिटून बसलेला, दात कडकड वाजतायत, कॅमेरा मांडीवर आणि ती हसतेय, शिव्या देतेय, पुसतेय. मागं सगळं धुकं एकदम उन्हात आलेलं.

इंद्रजितच्या मनात आलं, आधी पळावं, म्हातारी पाण्यात आहे. आणि हात मात्र कॅमेऱ्यावर गेला. मान खाली घ्या नाही, हसा नाही, इकडं बघा नाही. त्यानं दोन फोटो घेतले, मग कॅमेरा पाठीवर टाकून तो पाण्यात उतरला आणि दोघांना वर काढलं. खालचा ट्रायपॉड तसाच उभा होता. धुकं कधी उडालं ते त्याला कळलंही नाही.

दुपारपर्यंत ते मलकापूरला परत आले होते. बिराप्पाच्या अंगात इंद्रजितचे कपडे, पँट वितभर आखूड. धोंडुबाईला सृष्टीनं सुकं लुगडं दिलं, पाय शेकले, हातात चहा दिला. डॉक्टरला दाखवू म्हटलं तर ती म्हणाली, "मला आज बरं वाटतंय, उगं बिघडवू नगासा." मग स्टुडिओत कॉम्प्युटर लावला. ती मागं स्टुलावर बसली, जिथं एरवी पासपोर्ट फोटोवाले बसतात.

पहिले सगळे बिराप्पानं काढलेले फोटो. ताठ मान, वटारलेले डोळे. एकामागून एक. बिराप्पा बघत होता आणि त्याचे खांदे उतरत होते. मग इंद्रजितनं आपला फोटो उघडला.

धोंडुबाई अख्खी तिथं होती. ती जशी होती तशी, सगळ्या सुरकुत्यांसकट, डोळ्यांच्या कडेला पाणी, तोंड उघडं, मागं ती नदी.

"ह्योच," बिराप्पा म्हणाला. "गड्या, ह्योच पायजे हुता मला." मग म्हणाला, "आता मला काढून टाक त्यातनं."

"काय?"

"अव्वा एकटी ठिव. तू कराडच्या त्या पाटलाच्या आल्बममधनं अख्खा जावई काढला हुतास की. मी म्हंजे काय लय मोठं काम हाय?"

इंद्रजितला कळलं. एकटीचाच पाहिजे. दोघांच्या फोटोला हार घालता येत नाही, एक माणूस जिवंत असताना. त्यानं माऊस हातात घेतला. आधी बिराप्पाचं धड काढून तिथं खडक आणला. मग डोकं. डोक्यावर पदर, पदरावर तिचे दोन्ही हात. डोकं पुसलं तर हात हवेत राहिले. हात पुसले तर खांदे विचित्र दिसायला लागले. मग त्यानं नुसता चेहरा कापून बघितला, पण मान वाकलेली, नजर खाली, आणि ती कोणाकडं बघून एवढी हसतेय ते कळेना. येडी वाटायला लागली. त्यानं सगळं उलटं फिरवून फोटो पहिल्यासारखा केला.

"व्हईना, पाव्हणं."

"कर की रं कसं बी. तुज्या हातात कला हाय."

"व्हईना म्हणतोय न्हवं. तुला काढला की तिचं बी काय उरंना."

"काय कापाकापी चाललीय?" धोंडुबाईनं मागनं विचारलं.

"काय न्हाई, मावशी. तुमचा एकटीचा करतोय," इंद्रजित म्हणाला.

"कशाला?"

लग्नाच्या मांडवात पाचशे माणसांवर ओरडणारे दोघं कॉम्प्युटरकडं बघत राहिले.

"भित्तीसाठी, व्हय न्हवं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. चहा फुंकरत बोलत होती. "मला काय कळत न्हाई व्हय? डागदर माज्यापुढंच बोलला. त्यासाठी काय बी लाव रं. ह्या ताठलेल्यातला एखांदा लाव. मी काय बघाय येणार हाय?"

"अव्वा, असं बोलू नगं."

"मग कसं बोलू? ह्यो फोटो तुमचा न्हाई, माजा हाय. मला पायजे, मी हाय तवर. साऱ्या तालुक्याची पोरं काढलीस तू. घरोघरी त्यांच्या आयांनी लावल्यात, जाईल तिथं दावत्यात मला. तुजा एक तरी फोटो हाय का रं माज्यापाशी?"

इंद्रजितनं मनातल्या मनात बिराप्पा असलेले सगळे फोटो आठवून बघितले. एका लग्नातलं टक्कल सोडलं तर काही आठवलं नाही.

"दुकानात तू माजा काढशील, पर तुजा कुणी काढायचा?" ती म्हणाली. "म्हणून म्हणलं कोयनंला चल, तिथं तुजा दोस्त असतोय. तिथं बी तुजं तेच. ये ये म्हणतीया तर, हलू नगं, हलू नगं." आणि ती इंद्रजितकडं वळली. "ह्याचं तोंड दिसतंय न्हवं त्यात नीट? मला हितनं दिसंना झालंय."

इंद्रजितनं बिराप्पाकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघांचंही अवघड झालं असतं. बिराप्पा मागचा निळा पडदा उगाच सरळ करत उभा होता आणि नाक ओढत होता.

"दिसतंय की मावशी. चांगलं दिसतंय."

"मग तेवढं मोठं कर," धोंडुबाई म्हणाली. तिनं स्टूल पुढं ओढलं आणि चष्मा लुगड्याला पुसून डोळ्यावर चढवला. इंद्रजितनं पदराखालचं ते ओलं, डोळे मिटलेलं तोंड मोठं केलं, आणि ती म्हणेल तिथवर मोठं करत गेला.